विसरले नव्हते

चार नंबरच्या वॉर्डात तिला सगळे ‘मौनी सिस्टर’ म्हणत. त्यात टोमणा नव्हता, कौतुकच होतं. चाळीस खाटा, त्यांचे ऐंशी नातेवाईक आणि क्षणभरही तोंड न मिटणाऱ्या मावशी, अशा जागी मोजकं बोलणारं माणूस सगळ्यांनाच हवंहवंसं वाटे. ती तोंडी निरोप क्वचितच देई. खिशातून चिठ्ठ्यांचं पॅड काढायची, दोन ओळी लिहायची आणि कागद पुढे करायची. अक्षर मोत्यासारखं. मेट्रनबाई नव्या मुलींना सांगत, “हिच्याकडून शिका. तोंडचं वाऱ्यावर जातं, कागदावरचं राहतं.”

चिठ्ठ्यांमागचं कारण मेट्रनबाईंना ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं. ती अडखळत असे. पाच वर्षांची असल्यापासून.

अडखळणं दिसू न देणं हाच तिचा खरा पेशा होता. नर्सिंग ती उरलेल्या वेळात करत होती म्हणा ना. वाक्य तोंडात येण्याआधी ती त्यात डोकावून बघे. पुढे ‘प’ किंवा ‘त’ उभा दिसला की आडवाटेला लागे. ‘पाणी प्या’ म्हणायचं असलं की ‘घोटभर घ्या, घसा ओला करा.’ ‘कूस बदला’ जमणार नसलं की ‘जरा अंग वळवा बघू.’ पेशंटना वाटे, काय गोड बोलते ही बाई! दुकानात पाव आणायला गेली आणि तो शब्द निघेना, की बिस्किटं घेऊन घरी येई. वॉर्डातला फोन वाजला की तिचे हात हमखास ओले असत. “जरा घे ना गं,” एवढं ती सहज म्हणू शके.

स्वतःच्या नावाला मात्र दुसरा शब्द नसतो. कोणी नाव विचारलं की ती हसून छातीवरच्या पट्टीकडे बोट दाखवी.

लहानपणी हे झाकायची अक्कल नव्हती. वर्गात धडा वाचायला उभी राहिली की मागच्या बाकावरून ‘शिवणयंत्र सुरू झालं’ असा आवाज येई. आत्या म्हणे, लाडावलीय, एक ठेवून द्या, सरळ होईल. वडील चांगले होते, ते मारत नसत. ते म्हणत, “बाळ, आधी विचार कर, मग बोल.” जणू ती दुसरं काही करतच होती! बाराव्या वर्षी तिने ठरवून टाकलं की हे कोणाला दिसू द्यायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ तिने इतकी आवळून धरली की लग्नाला चौदा वर्षं झाली तरी नवऱ्याला पत्ता नव्हता. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. दिवसभर मोटारींच्या घरघरीत राहून त्याला घरी शांतताच आवडे. बायको कमी बोलते, हे त्याला नशीबच वाटत होतं.

मग तो मंगळवार आला.

सात नंबरच्या खाटेवर सकाळी एक घड्याळजी दाखल झाला होता. पन्नाशीचा, बारीक चणीचा माणूस. पायाची जखम चिघळून ताप चढलेला. ती त्याची माहिती लिहून घेत असताना त्याने तिचं मनगट धरलं आणि सांगितलं, “सिस्टर, एवढं लक्षात ठेवा. मला पेनिसिलिन चालत नाही. वीस वर्षांपूर्वी मरता मरता वाचलोय.” तिने ते केसपेपरवर पहिल्याच पानावर, लाल शाईने, खाली दोन रेघा मारून लिहिलं. मग एक्स-रेसाठी घड्याळजीबरोबर केसपेपरही खाली गेला. तासाभराने घड्याळजी परत आला, केसपेपर मात्र खालीच राहिला.

दुपारी फोन वाजला. आजूबाजूला कोणी नव्हतं. तिने उचलला. वरच्या मजल्यावरच्या ऑपरेशन थिएटरमधून मोठे डॉक्टर घाईत बोलत होते. “सात नंबरचा ताप उतरलेला नाही ना? पेनिसिलिन सुरू करू. ज्युनियरला मी सांगतो, तुम्ही तयारी ठेवा.”

सांगायचं होतं ते तीन शब्दांचं. पेनिसिलिन चालत नाही. औषधाला टोपणनाव नसतं, आडवाट नव्हती. तिने ‘पे’ला हात घातला आणि ओठ एकावर एक बसले ते बसलेच. आतून सगळा श्वास दार ढकलत होता आणि दार उघडत नव्हतं. एकदा असं कुलूप पडलं की मग कुठलंच अक्षर आपलं राहत नाही. ‘नको’ म्हणावं एवढीसुद्धा फट सापडत नाही.

“हॅलो? हॅलो? गेली वाटतं लाईन,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

तिने पुन्हा नंबर फिरवला. एंगेज. तिने पॅड काढलं, ‘सात नंबर, पेनिसिलिन चालत नाही’ असं लिहिलं आणि मावशींच्या हातात देऊन थिएटरकडे बोट केलं. मावशी निघाल्या. तेवढ्यात दुसऱ्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने सलाईन ओढून काढलं, अंथरूण रक्ताने भरलं. ती तिकडे धावली. जखमेवर बोळा दाबून धरला असतानाच तिची नजर वर गेली.

वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ज्युनियर डॉक्टर सात नंबरच्या खाटेशी उभा होता. हातात भरलेली सिरिंज. घड्याळजी तापाच्या गुंगीत. आधी चाचणीचा थेंब टोचून बघायचा असतो. तो ह्याने घाईत वगळला होता.

तिने तोंड उघडलं. ‘थांबा’. जीभ दातांमागे जाऊन चिकटली. जबडा ताणला गेला, डोळे आपोआप मिटले, मानेच्या शिरा तटतटल्या, आणि चाळीस खाटांच्या त्या वॉर्डात तिच्या तोंडून काहीही बाहेर पडलं नाही. मग ती पळाली. पोचली तेव्हा निम्मं औषध आत गेलं होतं. मावशींच्या हातातली चिठ्ठी थिएटरच्या बंद दारापाशीच राहिली, पुढे ती कोणी मागितलीही नाही.

पुढची पंधरा मिनिटं तिने जे केलं त्यात एकही चूक नव्हती, असं नंतर चौकशीच्या कागदांतही लिहिलं गेलं. घड्याळजीचा घसा सुजला, ओठ निळे पडले, श्वास थांबला. इंजेक्शनं, नळी, मशीन. तो वाचला. पण मधली काही मिनिटं मेंदूला हवा पुरली नव्हती. तीन आठवड्यांनी तो उठून बसला तेव्हा त्याचे दोन्ही हात थरथरत होते. त्याला पाण्याचा पेलासुद्धा ओठांपर्यंत नेता येईना. ज्याने आयुष्यभर तिळाएवढे स्क्रू चिमट्याने उचलले, तो माणूस!

मेट्रनबाईंनी तिला दुसऱ्याच दिवशी खोलीत बोलावलं. समोर कोरा कागद होता. “तुला माहीत होतं. केसपेपरवर तुझ्याच अक्षरात लिहिलंय. मग फोनवर सांगितलं का नाहीस?”

तिने मान खाली घातली.

“अगं, काहीतरी बोल. विसरलीस का?”

“विसरले,” ती म्हणाली.

तो शब्द सुरळीत निघाला. ‘व’ सोपा होता. आणि विसरायचं काय, कोणीही विसरतं. अडखळणं मात्र जगात तिचं एकटीचं होतं, असंच तिला लहानपणापासून वाटत आलं होतं. मेट्रनबाईंनी ते लिहून घेतलं, तिने खाली सही केली. ‘सिस्टरने काही सांगितलंच नाही’ एवढ्यावर ज्युनियर डॉक्टर सुटला. तिला चौकशी पुरी होईपर्यंत घरी बसवलं.

घरी ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टूल टाकून बसून राही. नवऱ्याला काही उमजेना. “तू विसरलीस? तू? माझ्या डब्यात चमचा टाकायला चौदा वर्षांत एकदा विसरली नाहीस तू.” ती उत्तर देत नसे. आता सोपी अक्षरंही रुसली होती. ‘हो’सुद्धा अडकायला लागलं. तिने बोलणं जवळजवळ सोडलंच. रात्रंदिवस मनात एकच चाले, आपण ओरडलो असतो तर. भांडी घासताना ती नळ मोठा सोडून पुटपुटून बघे, थांबा, थांबा, थांबा. एकटी असताना तो शब्द लोण्यासारखा निघे. त्याचाच तिला जास्त राग येई. ह्या जिभेपेक्षा मुकी जन्माला आले असते तर बरं, निदान लोकांनी माझ्या हातात फोन तरी दिला नसता, असं तिला वाटे. कधी कधी तर आपण नसलेलंच बरं, इथपर्यंत मन जाई, आणि मग ती घाबरून उठून उगाच दिवे लावत सुटे.

शेवटी एके सकाळी तिने कागदावर लिहिलं, ‘मला त्यांची माफी मागायचीय. बरोबर याल?’ नवऱ्याने कामाला दांडी मारली.

घड्याळजी खाटेवर उशीला टेकून बसला होता. शेजारी त्याची बायको त्याला चमच्याने पेज भरवत होती. सिस्टर खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. ‘माफ करा’ म्हणायचं होतं. ओठ मिटले. मान एका बाजूला खेचली गेली, डोळे फिरले, खालचा जबडा थरथरू लागला. नवऱ्याने हा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. त्याला वाटलं, झटका आला! “डॉक्टर! डॉक्टर!” असं ओरडत त्याने तिला उचललं आणि जिना उतरून अपघात विभागात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारली, हात-पाय हलवून घेतले, दोन प्रश्न विचारले, उत्तर यायला लागणारा वेळ बघितला आणि शांतपणे म्हणाल्या, “झटका नाही हा. ह्या अडखळतात. किती वर्षं झाली?”

तिने बोटांनी दाखवलं, पाचव्या वर्षापासून.

बाहेर बाकावर नवरा खाली बघत बसला. मग म्हणाला, “म्हणजे चौदा वर्षं मी कोणाबरोबर राहिलो?”

तो रागावला होता. 

डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेली वाचा-उपचारांची खोली त्याच इमारतीत, तळमजल्यावर, कान-नाक-घसा विभागाच्या मागे होती. अर्धांगाचे पेशंट तिने अकरा वर्षं स्वतः त्या दारापर्यंत चाकाच्या खुर्चीतून नेले होते आणि उंबऱ्यावरूनच परत फिरली होती. आत एक मोठा आरसा, मुलांच्या बुटक्या खुर्च्या, एक रेकॉर्डर. उपचार करणाऱ्या बाई तिच्याहून लहानच, तिशीच्या असतील.

“मॅडम, गो... गोळी आहे का ह्यावर?” तिने कसंबसं विचारलं.

“गोळी नाही. आणि पार बरं करते असंही मी म्हणणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “पण एक सांगते. ह्यात तुमचा दोष नाही. भित्रेपणा नाही, बुद्धी कमी नाही, आईवडिलांचं काही चुकलेलं नाही. बोलण्याचा ताल मेंदू जिथे जुळवतो तिथली घडणच काहींची वेगळी असते. पुष्कळदा घराण्यात असतं. तुमच्याकडे आणखी कोणी?”

 मग तिला आजोबा आठवले. आयुष्यभर हातातल्या काठीने खुणा करून कामं सांगणारे आजोबा. सगळे त्यांना तऱ्हेवाईक म्हणत.

“अडखळणं तुमचं आहे तेवढंच आहे,” मॅडम पुढे म्हणाल्या. “त्याच्यावर तुम्ही लपवण्याचा डोंगर रचलाय. आधी तो उतरवायचा. आज आरशात बघून मुद्दाम अडखळा. मनसोक्त.”

तिला वाटलं, ही आपली थट्टा करतेय. तीस वर्षं जे मेलं तरी दिसू दिलं नाही, ते आरशासमोर मुद्दाम करा? ती उठली आणि निघून आली. पुढचे दोन आठवडे तिने त्या बाजूला पाऊल टाकलं नाही. मग चौकशी समितीचं पत्र आलं. अंतिम सुनावणी महिन्यावर. ‘आपणास काही वेगळे सांगावयाचे असल्यास समक्ष सांगावे.’ तो ‘समक्ष’ शब्द तिने पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या सकाळी ती त्या बुटक्या खुर्चीत जाऊन बसली.

काम चिवट होतं. आरशात स्वतःचा अडकलेला चेहरा बघायचा, डोळे न मिटता. पहिल्या दिवशी ती रडली. शब्द अडला की ढकलायचा नाही, उलट तिथेच थांबून ओठ सैल करायचे आणि हळूच त्यातून सरकत बाहेर यायचं. आवाज सुरू करताना दार लाथेने उघडायचं नाही, नुसतं लोटायचं. आणि आडवाट बंद. पाव हवा तर पावच मागायचा.

“ते मला जमणार नाही,” ती म्हणाली.

मॅडम तिला घेऊन रस्त्यावर आल्या. भाजीवालीसमोर उभं राहून त्यांनी स्वतः मुद्दाम अडखळायला सुरुवात केली, “प-प-प-पालक द्या.” भाजीवालीने मान वर केली. “सावकाश सांगा बाई, पालक काही पळून जात नाही.” मॅडम हसल्या. तिला हसू आलं नाही, पण ती बघत राहिली. बाई अडखळली आणि आभाळ कोसळलं नाही, हे तिने पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडावर पाहिलं.

तिच्या स्वतःच्या वाट्याला मात्र सगळीकडे अशा भाजीवाल्या आल्या नाहीत. दुकानांना फोन करून चौकशी करायचा अभ्यास होता. एकाने ‘कोण चेष्टा करतंय’ म्हणून आपटला. एकाने फोन दुसऱ्याला ऐकायला दिला आणि दोघं हसले. पाव मागताना ती इतकी अडली की मागचा माणूस तिला वळसा घालून पुढे गेला. ती घरी येऊन पालथी पडली. नवरा दारात उभा राहिला. अपघात विभागातल्या त्या दिवसानंतर तो फारसा बोलत नव्हता. आता म्हणाला, “उद्या मी येतो बरोबर. मागे उभा राहीन. कोण पुढे घुसतं बघू.” आणि खरोखरच तो आला, पाने-हातोडीच्या पिशवीसकट.

सुनावणीच्या खोलीत एका लांब टेबलामागे तिघं बसले होते, बाजूला टाईप करणारा कारकून.

“मी वि... विसरले नव्हते,” ती म्हणाली. “मला म्ह-म्हणता आलं नाही.”

अध्यक्ष गोंधळले. “म्हणजे? फोन बिघडला होता?”

“नाही. मी अ... अडखळते. प... प...”

“पेशंटचं नाव?” अध्यक्षांनी मदत केली.

तिने नकारार्थी मान हलवली, ओठ सैल सोडले, पुन्हा लोटलं. “प...”

“प्रकृती बरी नव्हती?”

“मला ब... बोलू द्या,” ती म्हणाली. कारकुनाची बोटं थांबली. “पेनिसिलिन. हा शब्द त-तेव्हा निघाला नाही. मी ‘विसरले’ म्हणाले क... कारण ते सोपं होतं. ते खोटं आहे. ते खोडा.”

सगळं सांगायला तिला वीस मिनिटं लागली. साध्या माणसाला तीन लागली असती. ज्युनियर डॉक्टरने चाचणी वगळली होती हेही तिने सांगितलं. कोणी तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हतं. एक जण सारखा पेनाचं टोपण काढत-घालत होता. ती बाहेर आली तेव्हा ब्लाऊज पाठीला चिकटला होता. पण मनात एक कोपरा मोकळा झाला होता, आणि तिला वाटलं, खरं बोललोय, आता काहीतरी नीट होईल.

निकाल आला. ज्युनियर डॉक्टरला लेखी ताकीद. यापुढे प्रत्येक खाटेवर ‘चालत नाही’ त्या औषधाची लाल पाटी लावायची. आणि तिच्याबद्दल एक ओळ: ‘वाणीदोष लक्षात घेता सदर परिचारिकेस रुग्णसेवेतून हलवून निर्जंतुकीकरण विभागात नेमण्यात यावे.’

खोटं बोलली असती तर सहा महिन्यांनी वॉर्डात परतली असती. खरं बोलली म्हणून तळघरात गेली. तिथे दिवसभर वाफेच्या टाक्यांत कात्र्या, चिमटे, ट्रे उकळायचे, मोजायचे, बांधायचे. बोलायला कोणी नाही. मॅडमनी वरच्यांना पत्र लिहिलं: अडखळणारी माणसं शिकवतात, वकिली करतात, डॉक्टर असतात, यांना वेळ द्या. पत्राची पोच आली, उत्तर आलं नाही.

त्याच सुमारास तिला तळमजल्यावर घड्याळजी भेटला. तो हातांच्या व्यायामाला येई. मोठ्या लाकडी मण्यांतून दोरी ओवण्याचा प्रयत्न करत होता. दोरी मण्याच्या भोवती भिरभिरत होती. ती त्याच्यासमोर बसली. ‘माफ करा’ निघायला वेळ लागला, पण निघालं. मग तिने त्यालाही सगळं सांगितलं.

त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदाही शब्द पुरवला नाही. मग मणी खाली ठेवून म्हणाला, “सिस्टर, शब्द कशाला हवा होता? नुसतं किंचाळला असतात. ट्रे आपटला असतात. कोणीही वळून बघितलं असतं.”

 हे तिला कधी सुचलंच नव्हतं. इतक्या रात्री जागून काढल्या, पण प्रत्येक वेळी ती ‘थांबा’च म्हणायला धडपडत होती. नीट, स्वच्छ, न अडखळता. तो एक शब्द नीट काढण्याच्या नादात...

“तुमच्यावर राग नाही असं मी म्हणणार नाही,” घड्याळजी म्हणाला. “आहे. पण खरं सांगितलंत. जा आता, मला हे ओवू द्या.”

तिने मॅडमना हे सांगितलं तेव्हा मॅडमनी समजूत घातली नाही. “त्यांचं बरोबर आहे,” एवढंच म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, “तुम्हाला लहानपणापासून कोणी अडखळत ओरडायची परवानगी दिली असती, तर कदाचित ओरडला असतात.” त्या ‘कदाचित’वर ती बरेच दिवस अडून राहिली.

वॉर्डात परत घ्या म्हणून तिने अर्ज केला. फेटाळला. दुसरा केला, तोही फेटाळला. दुसऱ्या नकाराच्या संध्याकाळी नवरा जेवणाच्या टेबलाशी म्हणाला, “आता पुरे कर ना. तळघरात काय वाईट आहे? निवांत काम. बोलावं लागत नाही.”

ती चौदा वर्षांत त्याच्याशी भांडली नव्हती. भांडायला शब्द पटापट लागतात, म्हणून ती आजवर सगळ्याला ‘हो’ म्हणत आली होती. आज तिने हातातला घास ताटात ठेवला. “ते... तेच वाईट आहे,” ती म्हणाली. “मी न-नर्स आहे. क... कात्र्यांची नाही, म... माणसांची. आणि तुम्हाला शांत बायको हवी होती म्हणून मी शांत नव्हते. मी घ... घाबरले होते. तुम्ही कधी व... विचारलंही नाहीत.” हे पुरं व्हायला ताटातलं सगळं निवून गेलं. ‘विचारलंही’वर ती इतकी अडली की तिचे डोळे पाण्याने भरले, पण तिने दुसरा शब्द शोधला नाही.

नवऱ्याने मान वळवली नाही. तो उठून गेला नाही की त्याने तिचं वाक्यही पुरं केलं नाही. ती थांबल्यावर म्हणाला, “नाही विचारलं. चुकलंच माझं.” मग थाळी बाजूला सरकवली. “कर अर्ज. तिसरा कर.”

तिने केला. ह्या वेळी अर्ज टपालाने न पाठवता ती स्वतः मेट्रनबाईंच्या खोलीत गेली आणि उभं राहून त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. मेट्रनबाईंनी घड्याळाकडे दोनदा पाहिलं, पण ऐकलं सगळं. “वर पाठवते,” म्हणाल्या. त्याला आता अडीच महिने झाले. उत्तर आलेलं नाही. दर गुरुवारी डब्याच्या सुट्टीत ती तळघरातून वर येते आणि अर्जाचं काय झालं ते तोंडी विचारते.